पुली लेथवर टाकण्याआधी

जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं, की पट्ट्याची अडचण बहुतेकदा येतेच. इंजिनाच्या क्रँक पुलीला बारीक खाचांचा रिब पट्टा लागतो आणि जुन्या आल्टरनेटरवर असते एकाच खोल खाचेची व्ही पुली. दुसरी पुली शोधताना बहुतेक जण फक्त खाचा मोजतात. व्यास आधी मोजायला हवा.

क्रँक पुलीच्या व्यासाला आल्टरनेटर पुलीच्या व्यासाने भागा. १५० मिमीला ६० मिमी म्हणजे अडीच पट. इंजिन आयडलला ८०० फेरे घेत असेल, तर आल्टरनेटर २,००० घेतो. शेगावच्या गर्दीत दिवे लावून गाडी उभी असते, तेव्हा बॅटरीची मदार याच आकड्यावर असते. ७५ मिमीची पुली लावली तर तो १,६०० वर येतो. राजूर घाट खालच्या गिअरमध्ये चढताना इंजिन ४,००० वर गेलं, तर ६० मिमीच्या पुलीवर आल्टरनेटर १०,००० वर जातो. तेवढं तो सहज सोसतो. फार लहान पुलीवर मात्र पट्ट्याचा विळखा कमी पडतो आणि लोड आला की पट्टा घसरतो.

आता बोअर. पुलीचं भोक शाफ्टपेक्षा लहान असेल तर लेथवर वाढवता येतं, मोठं असेल तर बुश ठोकावा लागतो. चकमध्ये धरल्यावर डायल बाहेरच्या कडेला लावू नका, खाचांना लावा; पट्टा खाचांवर चालतो. पत्र्याच्या दाबीव पुलीला मी तरी हात लावू देणार नाही. पुलीची दोन्ही तोंडं बोअरला काटकोनात हवीत, कारण पुलीला शाफ्टबरोबर फिरवतो तो मुख्यतः नटाचा दाब. तोंड तिरपं राहिलं की नट सैल होतो.

खाचा एका रेषेत आणायला मागे वॉशर घालतात. तिथे जपा: नटाला पूर्ण आटे मिळालेच पाहिजेत. जुन्या आल्टरनेटरचा पंखा पुलीमागे बाहेर असतो. त्याची जाडीही मापात धरा. सरळ पट्टी पुलीच्या कडेला लावून भागत नाही, दोन्ही पुल्यांची पहिली खाच जुळवा.

इंजिन बदललं असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद घ्यावी लागते.

शेवटी हेडलाइट लावून बॅटरीवर मीटर धरा. १२ व्होल्टच्या गाडीत आयडलपेक्षा जरा जास्त रेसवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.