ठगी खात्याच्या याद्या व वऱ्हाडची सरहद्द

मलकापुराहून बुलढाण्यास जाणारी सडक मोताळ्यावरून पुढें राजूरचा घाट चढते. आज ही वाट एकाच जिल्ह्यांतून जाते. 1853 पूर्वीं मात्र येथें निजामाचा अंमल, पश्चिमेस खानदेशांत 1818 पासून कंपनीचा, व उत्तरेस बऱ्हाणपूर शिंद्यांकडे, अशी स्थिति होती. थोड्याच मजलांत तीन सरकारें! एका हद्दींत गुन्हा करून दुसरींत शिरलेल्या इसमाची माहिती या दप्तरांनीं परस्परांस कशी पोंचविली, हें वऱ्हाडचे कागद जमविणारांनीं समजून घेणें अवश्य आहे. कारण त्या माहितीच्या नकलाच पुढें आपल्या हातीं येतात.

या व्यवहारास पद्धतशीर रूप दिलें तें ठगी खात्यानें. 1835 सालीं स्लीमन याची त्या खात्यावर मुख्य म्हणून नेमणूक झाली. खात्याचें खरें हत्यार फौज नव्हे, यादी होय. माफीच्या साक्षीदाराची जबानी घ्यावयाची. त्यानें सांगितलेल्या प्रत्येक इसमाचें नांव, बाप, जात, गांव व हुलिया टिपावयाचा. दुसऱ्या साक्षीदाराच्या जबानीशीं तें ताडावयाचें. प्रेतें पुरल्याच्या जागा दाखविल्या तर उकरून पाहावयाच्या. 1830 त पकडलेल्या फिरंगियानें अशा जागा दाखविल्या होत्या. याद्या रेसिडेंटांमार्फत संस्थानांकडे जात. 1836 च्या 30 व्या कायद्यानें, इसम ठगांच्या टोळींत होता इतकें शाबीत झालें कीं जन्मभर कैद ठरली, मग ती टोळी कंपनीच्या मुलखांतील असो वा बाहेरील. 1837 च्या 19 व्या कायद्यानें शिक्षा झालेल्याची साक्षही ग्राह्य झाली. 1836 तच कलकत्त्यास छापलेल्या स्लीमनच्या ‘रामसीयाना’ ग्रंथांत ठगांच्या बोलीचा कोश असून घराण्यांच्या वंशावळीही आहेत.

वंशावळ पाहिली कीं संशोधकास मोह पडतो. पण ही वंशावळ भाटाची किंवा कुळकर्ण्याची नव्हे. सांगणारास स्वतःच्या जिवाची धास्ती होती, आणि अधिक नांवें सांगण्यांत त्याचा लाभ होता. जबानी लिहिणाऱ्या अंमलदारास साक्षीदार कोण व त्यानें कोणत्या प्रसंगीं नांव घेतलें हें ठाऊक असे. शेजारच्या राज्यांत पोंचे ती बहुधा नांवांची नुसती ओळ. सरहद्द ओलांडतांना शंका मागें राहिली, नांव तेवढें पुढें गेलें.

वऱ्हाड कंपनीच्या कारभारांत आल्यावरही स्वामित्व निजामाचेंच राहिलें. गुन्हेगार परस्परांच्या स्वाधीन करण्याविषयीं निजामाशीं 1867 त तह झाला. 1897 त कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली व 1904 त ठगी खातें मोडून मध्यवर्ती गुन्हे-अन्वेषण खातें आलें. ठसा एकाच माणसाचा असतो, बापाचा किंवा भावाचा नसतो. त्या मानानें तो अधिक न्याय्य पुरावा. परंतु 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें वंशावळीचीच कल्पना उचलली होती, आणि 1911 च्या नव्या कायद्यानें नोंदलेल्या जमातींतील लोकांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. न्याय्य साधन जुन्या यादीच्या चाकरीस लागलें! हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजीं रद्द झाला. महाराष्ट्रांतील विमुक्त जातींच्या यादींत भामटा, कैकाडी, कंजारभाट, रामोशी हीं नांवें आज आहेत. म्हणून हा विषय केवळ जुन्या दप्तरांचा नाहीं. यादींतील नांवाचे वंशज हयात असूं शकतात.

अशी यादी हातीं आल्यास ती मूळ आहे कीं नक्कल, हें प्रथम पाहावें. नकलेवर कोणत्या कचेरीचा शेरा आहे, तारीख कोणती, जबानी कोणाची, हें टिपावें. साक्षीदाराचें नांव सांपडत नसेल तर तें स्पष्ट लिहावें, आणि दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा आधार मिळेपर्यंत तींतील कोणत्याही गांवास वा घराण्यास ठगांचें म्हणूं नये. छापतांना ‘ठगांची यादी’ असा मथळा न देतां ‘अमुक साक्षीदारानें सांगितलेलीं नांवें’ असा द्यावा.