पॅनेलची पाठ वाचा

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की तीन-चार कोटेशनं येतात आणि सगळ्यांवर एकच आकडा ठळक असतो. 540 वॅट, 550 वॅट, 580 वॅट. मग घरात हिशेब सुरू होतो तो वॅटमागे किती रुपये पडले याचा, आणि ज्याचा दर कमी त्याला काम मिळतं. पॅनेलची पारख करायला हा आकडा फार अपुरा आहे. पुढची पंचवीस वर्षं जी वस्तू ऊन, पाऊस आणि वारा सोसत उघड्यावर राहणार, तिची खरी माहिती पाठीवरच्या लेबलात आणि डेटाशीटमधल्या बारीक अक्षरांत असते. तिकडे ग्राहकाचं लक्ष कोणी वेधत नाही, आणि फसगत बहुतेक वेळा तिथंच होते.

आधी वस्तू नीट पाहू. घरांवर सर्रास लागणारं 540 वॅटचं पॅनेल सुमारे 2.28 मीटर लांब आणि 1.13 मीटर रुंद असतं. वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास, त्यामुळे जिन्यातून वर न्यायला दोन माणसं लागतात. दर्शनी बाजूला 3.2 मिलिमीटर जाडीची टफन्ड काच. तिच्याखाली ईव्हीए नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा थर, त्यात सिलिकॉनचे सेल, पुन्हा ईव्हीए आणि सगळ्यात मागे पांढरी बॅकशीट. भोवती ॲल्युमिनियमची चौकट. सेलची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते. नुसता सेल हातात घेऊन दाबला तर लगेच तडकतो. हे सेल मधोमध कापलेले असतात, म्हणून या पॅनेलला हाफ-कट म्हणतात. एका पॅनेलात असे 144 अर्धे तुकडे बसतात आणि प्रत्येकावरून चांदीच्या अगदी बारीक रेघा गेलेल्या असतात. सेलमध्ये तयार झालेली वीज गोळा करण्याचं काम या रेघांचं.

पॅनेल उलटं केलं की मधोमध काळ्या रंगाचे तीन छोटे डबे दिसतात. हे जंक्शन बॉक्स, आणि प्रत्येकात एक बायपास डायोड. जवळच लेबल: कमाल वॅट, व्होल्टेज, करंट, सिरियल नंबर. त्याच लेबलावर चाचणीची परिस्थिती लिहिलेली असते. चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाश, आणि सेलचं तापमान 25 अंश सेल्सियस.

गोम आहे ती या 25 अंशांत. हे तापमान हवेचं नाही, सेलचं आहे. कारखान्यात पॅनेलवर क्षणभर प्रखर प्रकाश पाडून वॅट मोजतात. तेवढ्यात सेल तापायला वेळच मिळत नाही. आपल्या गच्चीवर भर दुपारी सेल 25 अंशांवर राहील असा दिवस वर्षात शोधून सापडायचा नाही. नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात हवाच 45 अंशांवर जाते, तेव्हा काचेखालचा सेल 70 अंशांच्या घरात असतो. सिलिकॉन तापलं की त्याचा व्होल्टेज उतरतो आणि त्याबरोबर वॅटही उतरतात. किती उतरतात, ते डेटाशीटमध्ये टेम्परेचर कोएफिशंट या ओळीत दिलेलं असतं. जुन्या निळ्या पॉलिक्रिस्टलाइन पॅनेलचा हा आकडा दर अंशाला सुमारे 0.40 टक्के, मोनो पर्कचा 0.35 च्या आसपास, टॉपकॉनचा 0.30 किंवा किंचित कमी.

आता नागपूरच्या दुपारचा हिशेब मांडू. 70 अंशांचा सेल म्हणजे चाचणीपेक्षा 45 अंश जास्त. ऊन पूर्ण 1000 वॅटचं धरलं तरी पॉलि पॅनेलचे 18 टक्के गेले, पर्कचे जवळपास 16, टॉपकॉनचे साडेतेरा. म्हणजे 540 वॅटच्या पर्क पॅनेलचे हाती उरले साधारण 455. ज्यांनी मोबाइलवर इन्व्हर्टरचं ॲप रोज बघायची सवय लावून घेतली आहे, त्यांना हे दिसतं. फेब्रुवारीतल्या स्वच्छ, गार दिवशी भर दुपारचा आकडा मे महिन्यातल्या दुपारच्या बरोबरीने चालतो, कधी वरही जातो. मग इन्स्टॉलरला फोन जातो की पॅनेल खराब निघालं. पॅनेल चांगलंच असतं, फक्त ते तापलेलं असतं. म्हणूनच पॅनेल गच्चीला चिकटवून बसवू नये. खालून वारा खेळायला जागा ठेवली की सेलचं तापमान काही अंशांनी उतरतं आणि तेवढी वीज फुकटात वाढते.

ही पर्क आणि टॉपकॉन नावं सध्या प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी आहेत, पण त्यांचा अर्थ क्वचितच कोणी समजावून सांगतो. सिलिकॉनचा कामाचा पहिला सेल अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डॅरिल चेपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी 1954 साली दाखवला, तेव्हा पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहाच टक्क्यांची वीज होत होती. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने 1977 मध्ये सेल आणि 1978 मध्ये पॅनेल तयार केलं. त्यानंतरची बरीचशी धडपड एकाच प्रश्नाभोवती फिरली: सेलमध्ये सुटा झालेला इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचण्याआधी वाटेतच, विशेषतः सेलच्या पृष्ठभागावर आणि धातू जिथे टेकतो तिथे, वाया जातो, त्याला वाचवायचं कसं? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने 1980 च्या दशकात सेलच्या मागच्या बाजूला एक संरक्षक थर दिला. त्याने इलेक्ट्रॉनही वाचले आणि आरपार निघालेला प्रकाश परत सेलमध्ये वळला. हा पर्क. पुढे जर्मनीत फ्रायबर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने 2013 च्या सुमारास धातू आणि सिलिकॉन यांच्यामध्ये ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा थर घातला, त्यातून टॉपकॉन आला.

टॉपकॉनचा आणखी एक गुण मला उष्णतेइतकाच महत्त्वाचा वाटतो. पर्कच्या सिलिकॉनमध्ये रूढीने बोरॉन मिसळलेलं असतं, आणि बोरॉन व ऑक्सिजनची जोडी ऊन लागताच काही दिवसांत सेलची ताकद थोडी कमी करते. टॉपकॉनच्या सिलिकॉनमध्ये फॉस्फरस असतो, तिथे ही जोडी जमत नाही. वॉरंटीच्या कागदात हा फरक स्पष्ट दिसतो. पर्कला पहिल्या वर्षी सुमारे दोन टक्के घट गृहीत धरलेली असते, टॉपकॉनला एक. पुढे दरवर्षी पर्कला साधारण 0.55 टक्के, टॉपकॉनला 0.40. त्याच आकाराच्या काचेतून पर्कचे 540 मिळतात तिथे टॉपकॉनचे 580 च्या आसपास मिळतात. पॉलिचा विषय संपलेला आहे. कोणी स्वस्तात देत असेल तरी नवीन घरावर ते घेऊ नये.

इथपर्यंत ऐकून टॉपकॉनच घ्यायचं असं वाटेल. थोडं थांबा. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतात. तीन किलोवॅटचे झाले दिवसाला बारा, वर्षाला चार हजारांहून थोडे जास्त. पर्क आणि टॉपकॉनचे किलोवॅट सारखेच असतील तर वर्षाकाठी फरक दोन-चार टक्क्यांचा, म्हणजे शंभर-दीडशे युनिटचा. पाण्याची टाकी चुकीच्या जागी असेल तर याहून जास्त वीज ती एकटी खाते.

सावलीबद्दल जितकं सांगावं तितकं थोडं. पॅनेलमधले सेल एकामागे एक ओळीत जोडलेले असतात. पाण्याच्या एकाच नळीवर कुठेही पाय पडला तर पुढचं सगळं पाणी अडतं, तशी एका सेलवर पडलेली सावली आख्ख्या ओळीचा करंट अडवते. अशा वेळी मागच्या डब्यातला डायोड तेवढा भाग वगळून करंटला वाट करून देतो. सेल जळण्यापासून वाचतो, पण पॅनेलचा तिसरा हिस्सा त्या वेळापुरता बंद होतो. कावळ्याची विष्ठा, वाळलेलं पान, टीव्हीच्या डिशचा कोपरा, एवढ्याशा सावलीनेही हे घडतं. हाफ-कट पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा अर्धा भाग समांतर जोडलेले असतात, म्हणून खालच्या भागावर सकाळी कठड्याची सावली आली तरी वरचा भाग काम करत राहतो. हा फायदा मिळवायचा तर पॅनेल उभं बसवायला हवं. आडवं बसवलं की कठड्याची सावली दोन्ही अर्ध्यांवर पडते आणि कापलेल्या सेलचा उपयोग होत नाही.

आणि जागा पाहायला इन्स्टॉलर येतो तो बहुधा उन्हाळ्यात, बिल वाढल्यावर. महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य थेट डोक्यावर, टाकीची सावली टाकीखालीच. तेव्हा सगळी गच्ची मोकळी वाटते. तीच गच्ची डिसेंबरच्या अखेरीस पाहावी. पुण्यात त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर येतो, त्यामुळे सहा फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे साडेपाच फूट जाते, आणि सकाळी नऊला तर कितीतरी लांब पसरते. जिन्याची खोली, शेजारची इमारत, दक्षिणेकडचं नारळाचं झाड यांचंही तेच. पॅनेलची जागा हिवाळ्यातल्या सावलीवरून ठरवावी. शेजारचा प्लॉट मोकळा असेल तर तिथे किती मजले चढू शकतात, याचाही विचार आधीच झालेला बरा.

सरकारी अनुदान घेणाऱ्यांसाठी निवड आणखी एका अटीने आवळली जाते. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 असे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. त्यासाठी पॅनेल डीसीआर असावं लागतं, म्हणजे पॅनेलही भारतात बनलेलं आणि आतला सेलही. सेल बाहेरून आणून इथे जोडलेलं पॅनेल चालत नाही. डीसीआर पॅनेल महाग पडतं, पण तीन किलोवॅटपर्यंतच्या घराला अनुदानामुळे ते परवडतं. त्यापुढच्या किलोवॅटला अनुदान वाढत नाही, म्हणून मोठी यंत्रणा लावणाऱ्याने दोन्ही प्रकारांची बेरीज-वजाबाकी करून पाहावी. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटला 18,000 रुपये मिळतात. एक गैरसमज मात्र बसवण्याआधीच दूर व्हायला हवा. बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड यंत्रणा महावितरणची वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती तशीच बनवलेली असते.

बायफेशियल पॅनेलचं सध्या फार कौतुक चाललंय. मागच्या बाजूनेही वीज देतं, हे खरं आहे, पण मागे उजेड पोचला तर. दीड फुटावरच्या स्ट्रक्चरवर, काळपट शेवाळलेल्या गच्चीवर, त्या मागच्या बाजूला काही मिळत नाही. स्ट्रक्चर आठ फूट उंच असेल आणि खाली पांढरा वॉटरप्रूफ रंग मारला असेल तर फायदा दिसतो. कोकणात मात्र मी ते वेगळ्या कारणासाठी सुचवेन. यातली बहुतेक पॅनेलं दोन्ही बाजूंनी काचेची असतात. दमट हवा प्लास्टिकच्या बॅकशीटमधून हळूहळू आत शिरते, काचेतून शिरत नाही. वजन वाढतं, सुमारे बत्तीस किलो होतं, ते स्ट्रक्चरने पेललं पाहिजे. समुद्राजवळ असाल तर आयईसी 61701 ही खाऱ्या हवेची चाचणी झाल्याचा दाखला मागा.

स्ट्रक्चरवर पैसे वाचवणं हे मला सगळ्यात घातक वाटतं. पॅनेलाखाली वारा शिरला की तो त्याला वर उचलतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरांचे पत्रे कसे उडवले, ते तिथल्या माणसांना सांगायला नको. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड लोखंड, स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट, आणि स्लॅबचं वॉटरप्रूफिंग न फोडता बसलेले काँक्रीटचे पाये, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावं. काम चालू असताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी: कोणी पॅनेलवर पाय देत नाही ना, आणि केबलला धरून पॅनेल उचलत नाही ना. काच माणसाचं वजन सहन करते, आतला सेल करत नाही. त्याला गेलेला केसाएवढा तडा बाहेरून दिसत नाही. काही वर्षांनी तिथला भाग तापू लागतो, आणि वॉरंटी मागायला गेलं की पाय कोणाचा पडला हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

घ्यायचं काय, याचं माझं उत्तर गच्चीगणिक बदलतं. नाशिक-पुण्यासारखी हवा, मोकळी गच्ची, गरज तीन किलोवॅटची: नामांकित कंपनीचं मोनो पर्क हाफ-कट डीसीआर पुरेसं आहे, वाचलेले पैसे स्ट्रक्चर आणि अर्थिंगवर घालावेत. गच्ची लहान किंवा गाव विदर्भ-खानदेशातलं असेल तर टॉपकॉनचा जादा दर द्यावा. कमी जागेत जास्त वॅट बसतात आणि मे महिन्यात तोटा कमी होतो. चंद्रपूरकडे कोळशाची धूळ बसते, तिथे धुण्यासाठी पाण्याची तोटी गच्चीवर आधीच काढून घ्यावी, दोन ओळींमध्ये माणूस चालेल एवढी वाट ठेवावी, आणि धुणं सकाळी ऊन चढायच्या आत उरकावं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडू देऊ नये. बोअरचं क्षाराचं पाणी काचेवर वाळलं तर पांढरा थर धरतं आणि तो खरवडताना काचेवरचं लेपन जातं, म्हणून शेवटचा हात गोड्या पाण्याचा असावा.