मोहरीचा रंगीत वैरी

ग्वाल्हेर, भिंड, मुरैना हा मोहरीचा मुलूख. पौषात पिवळीधमक शेते पाहून डोळे निवतात. परंतु त्या बहराचे भवितव्य पुष्कळदा आश्विन-कार्तिकातच ठरलेले असते. कोवळे अंकुर वर येताच, काळ्या अंगावर नारिंगी-पिवळे ठिपके मिरवणारा एक चिमुकला ढेकूण त्यांतील रस शोषू लागतो. इकडे त्यास ‘चितकबरा’ म्हणतात. पाने पांढुरकी पडतात, रोपे सुकतात आणि अल्पभूधारकास दुबार पेरणी करावी लागते. उशिरा पेरलेले पीक पुढे माव्याच्या तावडीत सापडते, ते निराळेच.

पश्चिम आशियात गव्हाच्या दाण्यात सोंड खुपसून पिठाचा चिकटपणा नष्ट करणारा ढेकूण हा याचाच दूरचा आप्त. चितकबरा स्वतः 2008 साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियातही आढळला. तेथे तो कोबीवर्गीय भाज्यांवर पडला.

फाल्गुनात तो कापलेल्या मोहरीच्या ढिगांवर पुन्हा अवतरतो. दाणे सुरकुततात, तेल घटते. उपाय मात्र साधे आहेत: बियाण्यास औषध चोळणे, तीन-चार आठवड्यांनी पहिले पाणी देणे, बांधावरील तण काढणे आणि मळणीस विलंब न लावणे. आपल्या लोणच्याच्या बरणीतील मोहरी अशा दोन परीक्षा उतरून आलेली असते.