धंद्याचे पहिले भांडवल कोणी द्यावे?



मागच्या वर्षी गणेश चतुर्थीच्या दोन आठवडे आधी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. हातात कागदांची फाईल होती. चहा झाल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, बँकेला जामीन पाहिजे आहे. सरकारी नोकरीतला असला तर बरे, असे तिथे म्हणाले. तुम्ही सही कराल का?"

ही मुलगी प्राथमिक शाळेत माझ्याकडे मराठी शिकली. आज ती सव्वीस वर्षांची आहे. चार वर्षे तिने हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केले. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर मानिओक, केळी आणि फ्रियापेन यांचे वेफर तळून ती शनिवारच्या बाजारात विकत असे. माल दुपारपर्यंत संपायचा. मग दोन दुकानदारांनी दर आठवड्याला माल मागितला. हाताने कापून आणि मेणबत्तीवर पिशव्या चिकटवून एवढा माल होत नाही. कापण्याचे यंत्र, मोठी कढई आणि पिशव्या बंद करण्याचे यंत्र मिळून साडेतीन लाख रुपये लागत होते. तिच्याजवळ साठ हजार होते.

आपल्या बेटावर अशी तरुण मुले-मुली घरोघरी आहेत. कोणाला फ्रीज-एअर कंडिशनर दुरुस्तीचे दुकान काढायचे आहे, कोणाला जाळीखाली भाजी लावायची आहे, कोणी संगणकावर काम करतो. "आजच्या मुलांना कष्ट नकोत" असे आपण सहज बोलून जातो. पण कष्ट करायला तयार असलेल्या मुलाची गाडी नेमकी कुठे अडते, हे आपण विचारत नाही. मी त्या मुलीची फाईल वाचली आणि मला ते पहिल्यांदा नीट समजले.

बँकेने तिला चार गोष्टी विचारल्या. मागच्या तीन वर्षांचे हिशेब, स्वतःचा वाटा, तारण आणि जामीन. यात बँकेची चूक नाही. तिच्याकडचा पैसा लोकांच्या ठेवींचा असतो. पण ज्याचा धंदा अजून सुरूच व्हायचा आहे त्याने तीन वर्षांचे हिशेब कुठून आणावेत? बाजारात रोख विकलेल्या मालाची हिने वहीतही नोंद ठेवली नव्हती. पैसे आले, तेल आणले, उरले ते आईला दिले. धंदा खरा होता, पण कागदावर तो नव्हताच.

तारणाची गोष्ट तर आपल्या पुष्कळ घरांना लागू आहे. ही मुलगी ज्या घरात राहते ती जमीन आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली. पाच मुले; एक लंडनला, एक वारला आणि त्याची मुले ऑस्ट्रेलियात. वाटणी कधी झालीच नाही. आपल्या फ्रेंच वळणाच्या दिवाणी कायद्याप्रमाणे सगळी भावंडे वारस, आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय ती जमीन गहाण ठेवता येत नाही. लोक म्हणतात, "यांची तर जमीन आहे!" जमीन आहे, पण नातीला तिचा एक रुपयाही उभा करता येत नाही. नोतेरकडे जायचे, खर्च करायचा, भावाला फोन करायचा, म्हणून आपण वर्षानुवर्षे टाळतो. त्या आळसाची किंमत पुढची पिढी भरते.

आणखी एक गोष्ट तरुणांनी ध्यानात ठेवावी. २००५ सालापासून आपल्याकडे मॉरिशस क्रेडिट इन्फॉर्मेशन ब्युरो आहे. कोणी कुठून कर्ज घेतले आणि हप्ते वेळेवर भरले की नाही, याची नोंद तिथे होते. विसाव्या वर्षी हप्त्याने मोटारसायकल घेतली आणि दोन हप्ते चुकवले, तर पंचविसाव्या वर्षी धंद्यासाठी कर्ज मागताना ते चुकलेले हप्ते आडवे येऊ शकतात.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९६४ साली विकास बँक, म्हणजे डेव्हलपमेंट बँक ऑफ मॉरिशस, स्थापन झाली. लहान उद्योगांना मदत करण्याचे काम २०१८ साली एसएमई मॉरिशसकडे आले. पण या योजना अर्थसंकल्पाबरोबर बदलत असतात. म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय सांगितले यावर न जाता, यंदाचा नियम कार्यालयात जाऊन विचारावा. आणि पुष्कळ ठिकाणी आधी धंद्याची नोंदणी व हिशेब मागतात, हेही खरे. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते की मुलाला पुढचा धडा येत नसेल तर मधला एखादा धडा राहून गेला आहे का, ते आधी पाहावे. इथे तसेच आहे. साठ हजार आणि साडेतीन लाख यांच्या मधला धडा राहून गेला आहे.

आपल्या पूर्वजांपुढे हा प्रश्न नव्हता का? मुंबई बंदरातून ते आले तेव्हा करारावर महिना ५ रुपये पगार होता, आणि एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेच्या मोठ्या इस्टेटींनी जमिनीचे तुकडे करून विकायला काढले, तेव्हा भारतीय मजुरांनी ते घेतले. थोडे पैसे आधी, बाकीचे हप्त्यांनी. पुढे १९०९ साली आलेल्या रॉयल कमिशनने लहान शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्थांची शिफारस केली आणि १९१३ साली तसा कायदा झाला. गावातली माणसे एकत्र येत, एकमेकांची हमी घेत आणि थोड्या थोड्या रकमेतून एकाचे बी-बियाणे, दुसऱ्याचा बैल उभा राहत असे. माणसाची पत त्याच्या शेजाऱ्याला ठाऊक होती. तीच तारण होती.

ही रीत आपल्या स्त्रियांनी अजून सोडलेली नाही. क्रिओलमध्ये जिला 'सित' म्हणतात ती आणखी काय आहे? दहा जणी दर महिन्याला दोन दोन हजार घालतात आणि पाळीपाळीने एकीला वीस हजार मिळतात. त्यातून कितीतरी शिवणयंत्रे आणि गॅसच्या शेगड्या आल्या. फक्त त्याचा कागद नसतो, म्हणून बँकेला ते दिसत नाही.

आता त्या सहीविषयी सांगतो. मी एक आठवडा मागून घेतला आणि नंतर नाही म्हटले. माझ्या घराचे कर्ज अजून फिटायचे आहे, मुलगा शिकतो आहे. शिवाय मी कागद वाचला. त्यात जामीनदार 'सोलिदेर' असा शब्द होता. त्याचा अर्थ असा की कर्जदाराने पैसे भरले नाहीत, तर बँक त्याच्यामागे न लागता सरळ जामीनदाराकडे सगळी रक्कम मागू शकते. हा शब्द न वाचता आपल्या लोकांनी भिडेखातर सह्या केल्या आहेत आणि त्यापायी भावाभावांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. जामीन राहण्याआधी कागद पुरता वाचावा, आणि झेपत नसेल तर तोंडावर सांगावे.

ती म्हणाली, "ठीक आहे, गुरुजी," आणि फाईल घेऊन गेली. पण माझ्या मनाचे समाधान झाले नाही. ज्या मुलीला मी "स्वतःच्या पायावर उभी राहा" असे वर्गात शिकवले, तिला माझ्या दारातून मी रिकाम्या हाताने पाठवले. गणपतीपुढे आरती म्हणतानाही तेच मनात येत होते.

विसर्जनानंतर मी तिच्या मामांशी बोललो. मामा, माझे दोन सहकारी शिक्षक, एक निवृत्त शेजारी आणि मी, असे पाच जण जमलो. प्रत्येकाने तीस हजार दिले. बुडाले तर दुःख होईल पण घर मोडणार नाही, एवढीच ती रक्कम होती. दीड लाख रुपये, व्याज नाही, पहिले तीन महिने हप्ता नाही, नंतर चोवीस महिने प्रत्येकाला महिना १,२५० रुपये. हे सगळे कागदावर लिहून सह्या केल्या. मामा म्हणाले, "घरच्यांत कागद कशाला?" मी म्हटले, "घरचे राहावे म्हणूनच कागद." दोन अटी घातल्या. धंद्याची नोंदणी करायची आणि धंद्याचा प्रत्येक रुपया बँकेच्या वेगळ्या खात्यातून जाऊ द्यायचा.

साडेतीन लाखांचे स्वप्न तिने दोन लाखांवर आणले. कापण्याचे आणि पिशव्या बंद करण्याचे यंत्र घेतले, मोठी कढई पुढे ढकलली. फेब्रुवारीत पावसाने मानिओक मिळेना आणि हप्ता उशिरा आला. पण दोन दिवस आधी तिचा फोन आला होता. आमच्यापैकी एकाला तेव्हाही धास्ती वाटली, हे लपवत नाही. २०१३ साली पाँझी योजनांत कितीतरी कुटुंबांची आयुष्याची पुंजी गेली, ती आठवण अजून ताजी आहे. परंतु तिथे लोकांनी न पाहिलेल्या धंद्यावर भरमसाट व्याजाच्या आशेने पैसे लावले होते. इथे कढई आम्ही डोळ्यांनी पाहतो आणि वेफरही खातो!

आज तिच्याजवळ दहा-अकरा महिन्यांचे बँकेचे कागद आहेत. मोठे कर्ज मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण पुढच्या वेळी तिची फाईल रिकामी नसेल. तिची आई अखेर आजोबांच्या जमिनीसाठी नोतेरकडे जाऊन आली आहे. लंडनच्या मामांची सही यायची आहे.

लग्नकार्यात आपण पाचशे माणसे जेवू घालतो. त्यात वाईट काही नाही. पण त्याच पाचशेंतले पाच जण एका मुलाच्या यंत्रासाठी एकत्र येऊ शकतील की नाही? येत्या चतुर्थीला सगळे नातेवाईक एका घरात जमतील, परदेशातलेही काही येतील. प्रसाद झाल्यावर थोडा वेळ बसा. आजोबांची जमीन कोणाच्या नावावर आहे ते विचारा. आणि कोपऱ्यात बसलेल्या पुतण्याला किंवा भाचीला विचारा की तुला काय करायचे आहे, आणि त्याला किती लागतील.