मस्तकांतील धमनीचा फुगा व जाळीदार नळी

सुश्रुतसंहितेंत ग्रंथींचे भेद सांगतांना ‘सिराज ग्रंथि’ म्हणून एक प्रकार वर्णिलेला आहे, व तो मर्मस्थानीं असल्यास वैद्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये असा इशाराही दिलेला आहे. रक्तवाहिनीच्या अशाच विकारांपैकीं मर्मांतील मर्म जें मस्तक, तेथील धमनीस येणाऱ्या फुग्यावर आज उपचार होऊं लागले आहेत. त्यांतील एका नव्या उपायाचे गुणदोष वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या नौपाड्यांतील घरांतून हल्लीं वडील माणसांचें डोकें दुखूं लागलें कीं एम्. आर्. आय्. काढण्याचा प्रघात पडला आहे. शंभर प्रौढांत सुमारें तिघांना असा फुगा असतो; तेव्हां तो अवचित सांपडावा यांत नवल नाहीं. पण अहवाल हातीं येतांच सारें घर हवालदिल होतें. वास्तविक लहान फुगे बहुधा जन्मभर फुटत नाहींत, व पुष्कळदां त्यांवर नुसती नजर ठेवणेंच इष्ट ठरतें. फुटला तर मात्र प्राणावर बेततें. पूर्वीं कधीं न अनुभवलेली भयंकर डोकेदुखी एकाएकीं सुरू झाल्यास क्षणाचाही विलंब न लावितां रुग्णालय गांठावें.

१९३७ सालीं अमेरिकेंतील डॉ. डॅंडी यांनीं कवटी उघडून फुग्याच्या मानेस चिमटा लाविला. पुढें १९९० च्या सुमारास गुग्लिएल्मी यांनीं धमनींतूनच बारीक तार नेऊन फुगा आंतून भरून काढण्याची युक्ति काढिली. परंतु रुंद तोंडाच्या मोठ्या फुग्यांत ती तार नीट टिकत नाहीं. त्यांच्याकरितां ‘फ्लो डायव्हर्टर’ ही जाळीदार नळी निघाली. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनींतून ती मस्तकापर्यंत नेऊन फुग्याच्या तोंडासमोर उघडतात. पाटाच्या कांठास खोंगळ पडली असतां तिच्या तोंडाशीं बारीक कुड घातला, म्हणजे पाणी सरळ वाहूं लागतें व खोंगळींतील पाणी सांचून गाळ बसतो. तसेंच येथें होतें: फुग्यांतील रक्त मंदावून गोठतें, आणि जाळीवर हळूहळू नवें अस्तर चढतें.

‘पाइपलाइन’ नांवाच्या नळीस अमेरिकन सरकारनें २०११ सालीं मान्यता दिली. तत्पूर्वींच्या परीक्षेंत मोठ्या फुग्यांचे १०८ रोगी होते. सहा महिन्यांनीं शेंकडा सुमारें ७४ फुगे पूर्ण बंद झाले. पांच वर्षांनीं ज्यांची तपासणी झाली त्यांत हें प्रमाण शेंकडा ९५ भरलें. उलटपक्षीं, पहिल्या सहा महिन्यांत शेंकडा ५.६ रोग्यांना पक्षाघाताचा मोठा झटका तरी आला किंवा मेंदूच्या विकारानें मृत्यु तरी आला. म्हणजे उपाय प्रभावी खरा, पण निर्धोक नव्हे.

शिवाय नळीवर गुठळी होऊं नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, बहुधा अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल, कित्येक महिने घ्याव्या लागतात. या गोळ्यांमुळेंच फुटलेल्या फुग्यावर ही नळी सहसा प्रथम वापरीत नाहींत. एकत्र कुटुंबांत येथेंच घात होतो. अंगावर काळेनिळे डाग दिसले, दांत काढावयाचा आहे, किंवा चातुर्मासाचे उपास आहेत, म्हणून कोणी तरी परस्पर गोळ्या थांबवितें, आणि नळी तुंबून पक्षाघात होतो. शस्त्रवैद्यास विचारल्यावांचून एकही गोळी चुकतां कामा नये, व हा भार घरांतील एका जबाबदार माणसानें उचलावा.

खर्चाचाही विचार आहेच. परदेशी नळीस सात-आठ लक्ष रुपये पडत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेनें बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या साहाय्यानें निटिनॉल धातूची स्वदेशी नळी तयार करून २०२० सालीं पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस कंपनीशीं करार केला, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट होय. मात्र त्या वेळीं तिच्या माणसांवरील चाचण्या व्हावयाच्या होत्या.

म्हणून संमति देण्यापूर्वीं वैद्यांस तीन प्रश्न अवश्य विचारावेत: हा फुगा फुटण्याचा धोका किती? उपचाराचा किती? आणि अशा किती नळ्या आपण स्वतः बसविल्या आहेत? पहिला धोका दुसऱ्याहून मोठा ठरला तरच पुढें पाऊल टाकावें. तंबाखू सोडणें व रक्तदाब आटोक्यांत ठेवणें, हें मात्र नळी घाला वा न घाला, सर्वांनाच आवश्यक आहे.