डेटाबेसमधील कालमर्यादा आणि पूर्णांकाचा ओव्हरफ्लो

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ‘वेट टाइमआउट’ नावाची एक कालमर्यादा असते. वापराविना पडून असलेली जोडणी किती सेकंदांनंतर तोडावी, हे ती ठरविते. तिचे मूळ मूल्य २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असते. कमाल मूल्य लिनक्सवर ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे ३६५ दिवस आहे. विंडोजवर मात्र ते केवळ २१,४७,४८३ सेकंद, म्हणजे पंचवीस दिवसांहूनही किंचित कमी आहे. ही आडनिडी संख्या आली कोठून?

३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात एक बिट चिन्हासाठी खर्ची पडतो. उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही होय. सेकंदांचे मिलिसेकंद करताना १,००० ने गुणावे लागते. म्हणून कमाल मर्यादा आधीच १,००० ने भागून ठेवली आहे. मर्यादेहून एकच सेकंद अधिक घेतल्यास गुणाकार २,१४,७४,८४,००० होतो आणि तो ३५३ ने उतू जातो. सामान्यतः यंत्रात त्याचे रूपांतर उणे २,१४,७४,८३,२९६ असे होते. यालाच ओव्हरफ्लो म्हणतात. उणे कालमर्यादा काही सॉफ्टवेअर ‘वेळ संपली’ असे समजून जोडणी तत्काळ तोडते. काही ‘मर्यादाच नाही’ असा अर्थ लावते. मग अडकलेली जोडणी नोंदींवरील कुलूप धरून बसते व इतरांचे व्यवहार खोळंबतात. व्यवस्थापकाने तर केवळ अधिक सवलत देऊ केलेली असते!

प्रतिबंधक तपासणी गुणाकारापूर्वीच करावयास हवी. गुणाकार करून उत्तर उणे आले का, हे पाहणे सी भाषेत भरवशाचे नाही; चिन्हांकित पूर्णांकाच्या ओव्हरफ्लोचा परिणाम त्या भाषेच्या मानकात अनिश्चित ठेवलेला असल्यामुळे कंपायलर अशी तपासणी वगळूही शकतो. उत्तर ६४ बिटांच्या चलात साठविणेही पुरेसे नाही, कारण दोन्ही गुणक ३२ बिटांचे असतील तर साठविण्यापूर्वीच संख्या बिघडलेली असते. एक गुणक आधी ६४ बिटांचा करावा लागतो. तसे केल्यास मिलिसेकंदांत सुमारे २९ कोटी वर्षांचा काळ मावतो.

पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीत ‘ऑटोव्हॅक्यूम नॅपटाइम’ हे मूल्यही सेकंदांत असते. त्याची कमाल मर्यादाही नेमकी २१,४७,४८३ आहे, आणि त्याहून मोठे मूल्य ती प्रणाली स्वीकारतच नाही.