क्ष-किरणनिदानशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : संस्था व शहर यांची निवड (बार्शी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन अध्यापकाची सल्लागाराची भूमिका विद्यार्थी महाविद्यालयातून बाहेर पडल्यावरही संपत नाही. बारावीला शिकविलेला विद्यार्थी पाच-सहा वर्षांनी एम.बी.बी.एस. होऊन, नीट-पीजीचा गुणानुक्रम हाती घेऊन, वडिलांसह घरी येतो. क्ष-किरणनिदानशास्त्र मिळण्याजोगे आहे. ते कोठे घ्यावे, हा त्याचा प्रश्न असतो. वडिलांचा कल बहुधा ‘पुणे मिळाले तर उत्तमच’ असा. प्रस्तुत लेखात या निवडीमागील विचार मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रवेशाचे मार्ग :

एम.डी. व डी.एन.बी. हे दोन्ही अभ्यासक्रम एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचे आहेत, डी.एम.आर.डी. ही पदविका दोन वर्षांची. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून व उर्वरित राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. संस्थात्मक पसंतीस मात्र मर्यादित वाव राहिला. त्यामुळे ‘आपल्या राज्यात आपल्यालाच मिळणार’ या जुन्या हिशेबावर विसंबून पसंतीक्रम भरणे आता योग्य नाही.

संस्थेची पारख :

संस्थेचे वय आणि नाव यांवरून शिक्षणाचा अंदाज बांधण्याची आपली सवय आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 चे, सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय 1926 चे. मिरजेचे शासकीय महाविद्यालय 1962 चे आणि सोलापूरचे 1963 चे. ही वर्षे आदरास पात्र आहेत, परंतु निवासी डॉक्टराच्या हाती काय पडते हे त्यांवरून कळत नाही. यंत्र आहे की नाही, यापेक्षा ते कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न महत्त्वाचा. काही रुग्णालयांत सी.टी. व एम.आर.आय. यंत्रे खाजगी भागीदारीतून चालविली जातात. तेथे रुग्ण रुग्णालयाचा असला, तरी अहवाल अन्यत्र लिहिला जात असेल, तर निवासी डॉक्टर केवळ प्रेक्षक उरतो. या शाखेत चित्र पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. प्रथम अहवाल स्वतः लिहावा, वरिष्ठाने तो खोडावा आणि का खोडला ते सांगावे, यातूनच नजर तयार होते. रात्री दोन वाजता अपघाताचा रुग्ण आला असता सोनोग्राफी कोण करतो, हे तेथील तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टराला विचारावे. माहितीपत्रकात याचे उत्तर नसते.

सुरक्षेची चौकशीही संकोच न बाळगता करावी. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार किरणोत्साराशी संबंधित कर्मचाऱ्याची मात्रा पाच वर्षांत 100 व कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्टच्या आत राहिली पाहिजे. मात्रा मोजणारा बिल्ला प्रत्येकास मिळतो का, शिशाचे अॅप्रन पुरेसे आहेत का, हे विशेषतः मुलींच्या पालकांनी विचारणे गैर नाही.

शहर :

शहराचा विचार करताना आपण भाडे, वसतिगृह व प्रवास यांपाशीच थांबतो. तीन वर्षे अल्प झोपेची असतात, त्यामुळे या गोष्टी क्षुल्लक नाहीत. पण शहर म्हणजे तेथील रुग्णही होत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाची जी विविधता दिसते, ती अन्यत्र दिसणे कठीण. उलट सोलापूर-मिरजेकडे येणारा रुग्ण बहुधा आपल्याच भागातला असतो. अनेकदा उशिरा आलेला, हाती पूर्वीचा एकही कागद नसलेला. पुढे तालुक्यात व्यवसाय करणाऱ्यास असाच रुग्ण पाहावयाचा आहे.

बार्शीपुरते बोलायचे तर हा मुद्दा अधिक ठळक होतो. येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधारे 1987 मध्ये बार्शी, परंडा व भूम तालुक्यांसाठी सुरू झालेली नोंदणी ही देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी होय. याच रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयोगटातील 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला व 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 2018 च्या सुधारित आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार या रोगाची पायरी ठरविताना प्रतिमाचिकित्सेचा आधार घेता येतो. तत्पूर्वी ती मुख्यतः हाताने केलेल्या तपासणीवर ठरे. म्हणजे ज्या रोगासाठी बार्शीचे नाव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात गेले, त्याच रोगात आता क्ष-किरणतज्ज्ञाच्या अहवालाला वजन आले आहे. येथे परतू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कर्करोग प्रतिमाचिकित्सा सखोल शिकविणारी संस्था दूरची असली तरी वरच्या क्रमांकावर ठेवावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परतण्याचा प्रश्न केवळ भावनेचा नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार एका डॉक्टरास एका जिल्ह्यात सोनोग्राफीसाठी अधिकाधिक दोन केंद्रांवर नोंदणी करता येते. सोलापुरात राहून करमाळा, माढा, बार्शी अशी फिरती करून सर्वत्र सोनोग्राफी करणे त्यामुळे शक्य नाही. सी.टी. व एम.आर.आय.ची चित्रे दूरवर पाठविता येतात. परंतु सोनोग्राफीत हात रुग्णाच्या पोटावरच ठेवावा लागतो. तालुक्याला स्वतःचा तज्ज्ञ लागतो तो यासाठी, आणि ज्या विभागात सोनोग्राफीचे काम कनिष्ठ म्हणून टाळले जाते, तो विभाग अशा विद्यार्थ्याने पसंतीक्रमात खाली ढकलावा, मग तो पुण्याचा असला तरी.